पलूसची काळी माती आणि दोन फुटी टाकी

माशांच्या टाकीत शेतातली माती घातलीय म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "पाणी गढूळ होत नाही?" होतं की. ते किती दिवस गढूळ राहणार, हे मात्र माती कुठली उचलली यावर ठरतं. माझ्या मामांचं शेत पलूस तालुक्यात आहे. त्या एकाच रानात, हाकेच्या अंतरावर, मला दोन तऱ्हेची माती मिळाली. दोन्ही काळ्या, दोन्ही चिकट. एक बरणीत ढवळून ठेवली तर सकाळी वर नितळ पाणी आणि खाली साका. दुसरी आठवडा उलटला तरी तशीच तपकिरी. टाकीत कुठली माती चालते आणि कुठली नाही, यातलं निम्मं शास्त्र त्या दोन बरण्यांमध्ये होतं, आणि ते मामांना आधीपासून ठाऊक होतं.

मातीकडे वळायचं कारण साधं. सांगलीत विश्रामबागेतल्या घरी माझी दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच टाकी आहे, पन्नासेक लिटरची. तळाला दुकानातले खडे होते. खड्यांत काही धरून ठेवायची ताकद नसते. पाण्यात घातलेल्या द्रवखतातलं जेवढं झाडांनी ओढलं तेवढं त्यांचं, उरलेलं शेवाळाचं. क्रिप्टोकोरीन, अ‍ॅमेझॉन स्वोर्ड ही मुळांवर जगणारी झाडं तिथं मरत नव्हती, पण वाढतही नव्हती. भाजलेल्या मातीच्या गोळ्यांची परदेशी पिशवी मिळते आणि ती चांगलीही असते. पण त्यातल्या बहुतेक गोळ्या पाणी मऊ आणि किंचित आम्ल करतील अशा असतात. आमच्या सोसायटीत नळाच्या पाण्यात बोअरचं जड पाणी मिसळतं. त्याच्यापुढे गोळ्यांची ती ताकद लवकर संपते, आणि काही वर्षांनी गोळ्या दबून त्यांचा चिखल होतो. हजारो रुपये मोजून शेवटी चिखलच मिळणार असेल, तर तो मामांकडून आणलेला काय वाईट?

मामांना फोन केला.

"माती? तुला कशाला गं पायजे माती? कुंड्या लावायलीस व्हय?"

"नाही मामा, माशांच्या टाकीत घालायचीय."

"मासं माती खात्यात?"

"मासे नाही, पाण्यातली झाडं."

"बरं. ये रविवारी. खोरं हाय हितं."

रानात गेल्यावर माती कुठून उचलायची नाही, याचीच यादी आधी झाली. द्राक्षबागेतली नको, हे मी घरूनच ठरवून गेले होते. डाऊनी या रोगासाठी बागेवर वर्षानुवर्षं बोर्डो फवारलं जातं. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचुदातलं तांबं पावसानं वाहून जात नाही, वरच्या थरातल्या चिकणमातीला आणि सेंद्रिय भागाला चिकटून साठत राहतं. माणसाला त्याचं विशेष वाटत नाही, पण पाण्यातल्या गोगलगाई आणि छोटे झिंगे तांब्याच्या अगदी थोड्या अंशानं मरतात. तासगाव, मिरज, पलूस या पट्ट्यात राहून टाकीसाठी माती शोधणाऱ्यानं शेजारी बाग आहे का एवढं तरी बघावं. ऊसातली माती मामांनी स्वतःच नाकारली. "त्यात तणनाशक पडलंय, तुझी झाडं पण तणच की." ऊसाला अ‍ॅट्राझिन वापरतात आणि ते पानांचं प्रकाशसंश्लेषणच बंद पाडतं, म्हणजे मामांचा विनोद शब्दशः खरा होता. खालच्या रानात 2019 च्या महापुरानं आणलेला गाळ अजून दिसतो. दिसायला तो देखणा, लोण्यासारखा मऊ. पण पुराच्या पाण्यात गावोगावची गटारं आणि कुठल्या कुठल्या गोदामांतली खतं-औषधं मिसळलेली असतात. तोही बाद.

मधल्या पट्ट्यात काही पिकत नव्हतं. "ही चोपण," मामा म्हणाले. लिफ्टचं, म्हणजे नदीतून उपसलेलं पाणी आल्यावर या भागात ऊसाला भरमसाठ पाणी दिलं गेलं, निचऱ्याची सोय झाली नाही, जमिनीखालचं पाणी वर चढलं आणि सोबत क्षार घेऊन आलं. कृष्णाकाठची कितीतरी सुपीक जमीन अशी गेली. चोपण माती मी एका पिशवीत मुद्दाम घेतली, तुलनेसाठी. कामाची माती मिळाली जुन्या विहिरीजवळच्या बांधावर. तिथं फवारा पोचत नाही, खत पडत नाही, फक्त बाभळीचा पाला पडतो. गवताचा वरचा थर काढून खालची वीतभर माती भरून घेतली.

घरी येऊन दोन्ही माती दोन बरण्यांत पाण्यात ढवळल्या. काय झालं ते वर सांगितलंच: बांधाची निवळली, चोपण तपकिरीच राहिली. का झालं ते असं: चिकणमातीचा कण म्हणजे अतिशय बारीक, चपटा पापुद्रा, आणि त्याच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, अमोनियम, सोडियम हे सगळे धनभारित आयन त्याला येऊन चिकटतात. कॅल्शियमवर दुहेरी भार असल्यामुळे तो पापुद्र्यांना एकमेकांजवळ ओढून धरतो, त्यांचे पुंजके होतात आणि पुंजके वजनानं खाली बसतात. चोपण मातीत सोडियम जास्त. त्याच्यावर एकेरी भार, त्यात त्याच्याभोवती पाण्याचं जाड वेष्टण. तो पापुद्र्यांना जवळ येऊ देत नाही. मग ते सुटे सुटे तरंगत राहतात. चोपण जमिनीत पाणी जिरत नाही तेही याचमुळे, सुटे झालेले कण मातीतली भोकं बुजवतात.

मामा अशा जमिनीला जिप्सम घालतात. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. मी तपकिरी बरणीत त्याची चिमूट टाकली, ढवळली, आणि दुसऱ्या दिवशी ती बरणीही निवळली. पावसाळ्यात कृष्णेचं गढूळ पाणी आलं की आमच्याकडे घरोघरी तुरटी फिरवतात. तिथं कॅल्शियमच्या जागी तिहेरी भाराचं अ‍ॅल्युमिनियम असतं, काम तेच. फोनवर मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग इतकी वर्षं आमी काय करायलोय?" तर माती टाकीत घालायच्या आधी बरणीत घाला. एक-दोन दिवसांत निवळली नाही तर ती घेऊ नका. जिप्सम टाकून बरणी सुधारते, पण सोडियम पाण्यातच राहतो आणि तो झाडांच्या कामाचा नाही.

व्हिनेगरची परीक्षाही केली. बांधाच्या मातीवर थेंब टाकला तर किंचित बुडबुडले, म्हणजे चुनखडी होती. आपल्या काळ्या जमिनीत ती असतेच, पांढऱ्या खड्यांच्या रूपात. त्यामुळे पाण्याचा जडपणा आणि सामू (पीएच) वाढतो. मोठे खडे चाळणीनं निघतात, बारीक चुना राहतो. गप्पी, मोली हे मासे आणि वॅलिस्नेरिया हे झाड यांना तो आवडतो. ज्यांना मऊ पाण्यातली नाजूक लाल झाडं हवीत, त्यांनी काळ्या मातीच्या वाटेला जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

मग तिचा फायदा काय, तर साठवण. काळ्या मातीतली चिकणमाती मुख्यतः स्मेक्टाइट गटातली असते. शुद्ध स्मेक्टाइट 100 ग्रॅमला साधारण 80 ते 120 मिलीतुल्य (भाराचं माप) आयन धरून ठेवतं. कोकणच्या लाल मातीतलं केओलिनाइट 3 ते 15. म्हणजे माशांच्या विष्ठेतून सुटलेलं अमोनियम आणि पोटॅश काळी माती पकडून ठेवते आणि मूळ जवळ आलं की देते. लाल मातीत साठवण कमी, पण लोह भरपूर. म्हणून मी तीन भाग काळी आणि एक भाग नर्सरीतली लाल माती असं मिश्रण केलं. गांडूळ खत किंवा शेणखत घातलं नाही. घालणारे घालतात. माझं म्हणणं, टाकीत नत्र माशांच्या खाण्यातून रोज येतच असतं. जास्तीचा सेंद्रिय माल म्हणजे पहिले दोन महिने अमोनिया आणि शेवाळ यांच्याशी कुस्ती. काळी माती काळी आहे म्हणून ती सेंद्रिय पदार्थांनी भरलेली असते, हाही गैरसमजच. मामांच्या माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्ब अर्धा टक्कासुद्धा नव्हता.

यानंतरचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. माती घमेल्यात भिजवायची, वर तरंगणारा काडीकचरा काढायचा, वरचं पाणी ओतून द्यायचं, चिखल प्लॅस्टिकवर पातळ पसरून कडकडीत वाळवायचा, ढेकळं फोडायची, चाळायची आणि पुन्हा भिजवायची. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं असं झालं की मातीतले जिवाणू सहज कुजणारा भाग तिथंच, टाकीच्या बाहेर, संपवून टाकतात आणि विरघळणारे क्षार पाण्याबरोबर निघून जातात. तीन-चार वेळा केलं की मातीला कुजकट वास राहत नाही, पहिल्या पावसाचा वास येतो.

हे मी मे महिन्यात काढलं. सांगलीच्या उन्हात चिखल एका दिवसात वाळून भेगाळतो. अडचण एकच, मे महिन्यात गच्चीवर कुरडया असतात. सासूबाईंनी आल्या दिवशीच हद्द आखून दिली. "गच्चीवरच्या टाकीच्या पलीकडं तुझा चिखल, अलीकडं माझ्या कुरडया. वारं सुटलं तर तू झाकायचं." काळी माती वाळताना कडक ढेकूळ होते आणि ढेकूळ फोडायला वरवंटा लागतो. तो मी त्यांच्या नजरेआड वापरला. मैद्याची चाळण मागितली असती तर प्रकरण वाढलं असतं, म्हणून गवंड्याकडची वाळूची बारीक चाळण आणली.

तळात मातीचा थर एक इंच, जास्त नाही. जाड थर देण्याचा मोह होतो, पण इथं काळ्या मातीचा दुसरा गुण आडवा येतो. ती हवा-पाणी आरपार जाऊ देत नाही. हरिपूरला हळद साठवायची पेवं जमिनीत खणत ती याच चिवटपणाच्या जोरावर, आत हवा शिरत नाही म्हणून हळद टिकायची. टाकीत थोडा हवाबंदपणा हवाच. प्राणवायू नसलेल्या थरात न विरघळणारं फेरिक लोह बदलून फेरस होतं आणि ते मुळांना घेता येतं. मामा द्राक्षाची कोवळी पानं पिवळी पडली की हिराकस फवारतात, कारण चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही वेलीला मिळत नाही. पाण्याखाली तीच माती लोह आपणहून सोडते. शिराळ्याकडच्या भातखाचरांतही हेच चालतं. पण थर दोन-तीन इंचांचा झाला आणि मुळं तळापर्यंत पोचली नाहीत, तर सल्फेट खाणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्याचा वास, काळवंडलेली मुळं आणि माशांना विष.

मातीवर झाकण म्हणून दीड इंच बारीक खडे. रंगीत खडे रंग सोडतात, क्रशरची कच धारदार असते. कुपवाडच्या एमआयडीसीत पाणी शुद्धीकरणाचं साहित्य विकणाऱ्याकडे फिल्टरमध्ये भरायचे गारगोटीचे दोन मिलीमीटरचे खडे मिळाले. धुतल्यावर स्वच्छ, व्हिनेगरला ढिम्म. काचेला लागून माती दिसू नये म्हणून कडेनं दोन बोटं जागा सोडून तिथं फक्त खडे भरले. नाहीतर तिथं उजेड मातीवर पडला की काचेवर हिरवा थर चढतो.

झाडं लावताना पाणी फक्त खडे भिजण्यापुरतं ठेवलं. पहिल्या दिवसापासून टाकी झाडांनी भरायची, हा नियम मोडू नये. मातीतून सुटणारं ओढायला कोणीतरी हवं. मागे वॅलिस्नेरिया, मध्ये क्रिप्टोकोरीन आणि एक स्वोर्ड, पुढे ब्राह्मी, वर तरंगतं सॅल्विनिया. ब्राह्मी विकत घेतली नाही, नर्सरीतल्या औषधी झाडांत होती. पाण्याखाली ती नवी, पातळ पानं काढते. दुकानात पाण्यातली म्हणून विकली जाणारी काही झाडं मुळात कुंडीतली असतात, ड्रॅसिनासारखी. ती महिनाभर हिरवी राहून मग सडतात. एका ओळखीच्यांनी कासच्या पठारावरून वायतुरा आणायचं सुचवलं. त्याचं शास्त्रीय नावच अ‍ॅपोनोजेटॉन सॅटारेन्सिस, इंग्रजी वायसारखा दुहेरी तुरा. सह्याद्रीच्या उत्तर भागातल्या पठारांबाहेर तो सापडत नाही, आणि कास तर 2012 पासून जागतिक वारशात आहे. तिथून पान आणणंही गैर. तसंही, पावसाळ्यात वर येऊन नंतर जमिनीखाली झोपणारं ते झाड घरच्या टाकीत कशाला रमेल?

पाणी भरताना खड्यांवर ताटली ठेवून तिच्यावर बारीक धार सोडली. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी हायपोचे खडे. गढूळपणा आला, पातळसा, आणि आमच्या जड पाण्यातल्या कॅल्शियमनं तो लवकर खाली बसवला. जड पाण्याचे उपकार मानायची वेळ तेवढीच.

मासे लगेच सोडायचे नाहीत, हे सगळेच सांगतात. काळ्या मातीत त्याला आणखी एक कारण आहे. माझ्या टाकीचा सामू आठच्या आसपास राहतो. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो, निरुपद्रवी अमोनियम आणि विषारी अमोनिया. 30 अंश तापमानाला सामू सात असेल तर विषारी भाग एक टक्क्याहून कमी असतो, आठ असेल तर सात-आठ टक्के. सांगलीच्या उन्हाळ्यात टाकीचं पाणी 30 च्या वरच असतं. म्हणजे मऊ पाणीवाल्याला चालून जाणारा आकडा इथं माशाच्या कल्ल्यांना जाळतो. चाचणी किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत मी फक्त गोगलगाई ठेवल्या आणि पाणी बदलत राहिले. गावातल्या पाहुण्यांनी ती रिकामी टाकी बघून बरीच विचारपूस केली. "मासं मेलं व्हय?"

त्या काळात क्रिप्टोकोरीननं सगळी पानं गाळली. जागा बदलली की ती असं करते, काचेसारखी पारदर्शक होऊन पानं वितळतात. उपटायची नाही. मूळ जिवंत असतं, नवी पानं येतात आणि ती मातीत आल्यावर दुप्पट रुंद येतात. काचेवर तपकिरी भुकटी आली आणि गेली. दिवा सहा तासांच्या वर नेला नाही.

मातीतून बुडबुडे यायला लागले तेव्हा मी रोज काठीनं खडे टोचून वास घ्यायचे. बिनवासाचे बुडबुडे म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन, त्यातला पहिला झाडांना हवाच असतो. सिलिंडर न लावता वॅलिस्नेरिया इतकी सुटली ती या मातीतल्या वायूमुळेही असावी, असं मला वाटतं. नंतर मलेशियन ट्रम्पेट गोगलगाई सोडल्या. त्या दिवसा खड्यांत शिरून खालचं वर करतात, टोचायचं काम त्यांच्याकडे गेलं.

दिवाळीत मामा घरी आले. टाकीसमोर बसले, चष्मा लावला आणि माशांकडे न बघता पानांकडे बघितलं. "ह्या शेंड्याला लोह कमी पडायलंय." मागे नंतर लावलेल्या रोटाला या झाडाची कोवळी पानं फिकट होती, शिरा हिरव्या. मुळं अजून वरच्या खड्यांतच होती. जुनी पानं आधी पिवळी पडली असती तर नत्र किंवा मॅग्नेशियम म्हणाले असते, कारण ती द्रव्यं झाड जुन्या पानातून काढून नव्याला देतं, लोह तसं हलवता येत नाही. हे त्यांनी द्राक्षावर शिकलेलं, पाण्याखाली तसंच्या तसं लागू पडलं. लाल मातीच्या सुपारीएवढ्या गोळ्या वाळवून रोटालाच्या मुळांशी खड्यांच्या आत खोचल्या. पुढची पानं हिरवी आली.

आता टाकीला देखभाल म्हणजे पाणी बदलणं आणि छाटणी. वर्ष सरल्यावर मातीतलं पोटॅश कमी पडू शकतं. तेव्हा काळ्या मातीत म्युरेट ऑफ पोटॅशचे दोन-चार दाणे मळून तशाच गोळ्या करते. युरिया किंवा डीएपी कधीच नाही, एक गोळी फुटली तरी अमोनिया वर येतो. गोल्डफिश आणि उकरणारे सिक्लिड या टाकीत चालत नाहीत. मोठं झालेलं स्वोर्ड काढायचं असेल तर ओढू नका, त्याची मुळं थरभर पसरलेली असतात आणि सगळी माती वर येते. बुडाशी कात्रीनं गोल कापून वरचं झाड काढायचं, मुळं आतच राहू द्यायची, आणि त्याच दिवशी अर्धं पाणी बदलायचं.